भानुमतीच्या वाट्याचं झाड

आमच्या नाटक मंडळीत भानुमती मेश्राम कधी उजेडात आली नाही. ती विंगेतच असायची. दातांत टाचण्या धरून, कमरेला पदर खोचून, एका नटीच्या अंबाड्यात गजरा खोवता खोवता दुसरीच्या निऱ्यांकडे डोळे लावून. "शरयूताई, श्वास आत घ्या," म्हणायची आणि माझा कासोटा असा आवळायची की तीन अंक मी लढाईवर निघाल्यासारखी ताठ उभी राहत असे. टाळ्या मला मिळायच्या. पडदा पडला की ती माझी साडी सोडवून घडी घालायची आणि विचारायची, "आज काहून रडल्या नाही तुम्ही दुसऱ्या अंकात?" तिच्याइतकं खरं परीक्षण वर्तमानपत्रात कधी छापून आलं नाही.

जबलपुरात मराठी नाटक करणं म्हणजे आपल्याच घरात पाहुणे बोलावण्यासारखं होतं. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली कुटुंबं, कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत, कोणी शाळेत. गणेशोत्सवात सगळे यायचे. पुढे पुढे त्यांची मुलं यायची, नाटक समजायचं त्यांना, पण मध्यंतरात एकमेकांशी हिंदीत बोलायची. मग तीही येईनाशी झाली. एका वर्षी पुढच्या दोन रांगा सोडून खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही पूर्ण नाटक केलं, एकही वाक्य गाळलं नाही. त्यानंतर मंडळी बंद झाली. सामान वाटून घेतलं. माझ्या वाट्याला एक मोठा रंगवलेला पडदा आला, अरण्याच्या प्रवेशाचा. ओमती मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत माझ्या दोन खोल्या, तिथे माळ्यावर तो गुंडाळून पडून राहिला.

भानुमती तोवर कधीच गेली होती. तिचे वडील रिछाईच्या एका लहान कारखान्यात कामाला होते. त्यांनी तिचं लग्न दयाराम मेश्रामशी करून दिलं. दयाराम जंगल खात्यात नाकेदार होता, म्हणजे रानाचा पहारेकरी. कुंडमच्या रस्त्यावर, जंगलाच्या कडेला सरईटोला म्हणून गोंडांचं गाव आहे, तिथे त्याची नेमणूक होती. लग्नानंतर एक-दोन वर्षं ती गणपतीत आली, टाचण्यांची डबी घेऊन. मग तेही थांबलं.

गावात तिला नाव नव्हतं. नाकेदारीणबाई. दयाराम वाईट माणूस नव्हता, पण त्याची नोकरीच अशी की ज्याच्या हाती कुऱ्हाड दिसेल त्याची काढून घ्यायची. काढून घेतलेल्या कुऱ्हाडी तिच्या परसात भिंतीला टेकून ठेवलेल्या असत. दुपारी तो फिरतीवर गेला की बाया मागच्या दारी येऊन उभ्या राहत. "बाई, दे दो ना. चूल्हा कैसे जलेगा?" तिने एकदाही दिली नाही. नवऱ्याची भीती होती. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःला सोडवून घेण्याचा प्रयत्न केला नाही. म्हणून हातपंपावर ती गेली की बायांचं बोलणं थांबायचं. हंडा भरेपर्यंत पाण्याचा आवाज तेवढा. अशी तिची उमर गेली.

दयाराम काविळीने वारला. मुलगा रायपूरला होता. छत्तीसगड वेगळं झालं तशा तिकडे नव्या कचेऱ्या निघाल्या, त्यात त्याला नोकरी लागली. तो म्हणाला, आई, चल. भानुमती गेली, महिनाभर राहिली आणि परत आली. सरकारी घर सोडावं लागलं होतं, तेव्हा गावाच्या टोकाला एक खोली घेतली. आत बुद्धाची तसबीर, दयारामचा फोटो, एक चूल. मी विचारलं, "अगं, जे गाव इतकी वर्षं तुझ्याशी धड बोललं नाही, तिथे काय आहे तुझं?"

"रायपूरले मी खिडकीत बसून राहत होती ताई," ती म्हणाली. "खाली कोण चाललं ते पाहत. इथं लोक बोलत नाही, पण कोण कोणावर रागावलं ते तरी मले ठाऊक राहते."

त्याच सुमाराला सरईटोल्यात वनसमिती उभी राहिली होती. जंगल गावानेच राखायचं, आणि त्यातून जे निघेल त्यावर गावाचं पोट चालवायचं, अशी ती रीत. एक संस्था मदतीला होती. नाल्यापलीकडच्या उघड्या टेकडीवर सगळ्यांनी मिळून बांबू लावला. तो वाढला की बायांनी टोपल्या विणायच्या, बाजारात न्यायच्या, असं ठरलेलं. गावाच्या गुरांना तिकडे बंदी. समितीचा अध्यक्ष नथ्थू, हसऱ्या तोंडाचा, पण हट्टी.

आणि मोह. चैत्रात त्या गावाचं सगळं मोहाच्या फुलांवर चालतं. पहाटेपासून फुलं टपटप गळतात, ती वेचायची, वाळवायची, विकायची. जंगलातली झाडं कागदावर सरकारची असली तरी गावात त्यांची वाटणी पिढ्यान्पिढ्यांची आहे. हे झाड अमक्या घराचं, ते तमक्याचं. सून आली की सासूचं झाड तिला मिळतं. बाहेरून आलेल्याला झाड नसतं. ज्याला झाड नाही तो त्या गावचा नाही, इतकं ते सरळ आहे.

चंपाबाई म्हणून एक म्हातारी होती, पोरंबाळं नसलेली, पाच झाडांची मालकीण. दयाराम गेल्यानंतरच्या चैत्रात ती भानुमतीच्या दारात आली, तिचं मनगट धरलं आणि तिला नाल्याकाठच्या एका मोहाखाली नेऊन उभं केलं. आजूबाजूच्या झाडांखाली बाया वेचत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारी म्हणाली, "ये वाला भानु का. सुन लो सब. मेरे बाद झगड़ा नईं चाहिए." खालचं एक फूल उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. झालं.

कुणी हरकत घेतली नाही. कुणी आनंदही दाखवला नाही. पण मला त्या वर्षी फोन आला, गावातल्या एकुलत्या एका दुकानातून. "शरयूताई, मले झाड भेटलं." आवाज असा की मुलाला नोकरी लागल्याचं सांगतानाही तसा नव्हता.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोहाची पानं फुलांच्या आधी गळतात. झाडाखाली पाचोळ्याचा थर होतो आणि फुलं त्यात हरवतात. म्हणून जुनी पद्धत अशी की खालचा पाला पेटवून द्यायचा. जमीन काळी, स्वच्छ. फुलं पांढरी, चटकन दिसतात. पण वारा फिरला की ती आग जंगलात शिरते. दर वर्षी शिरायची. समितीच्या बैठकीत यावरून नुसती भांडणं होत. कुणी लावली विचारलं की जो तो म्हणे, माझ्या झाडाखाली दुसऱ्यानेच बिडी टाकली.

अशाच एका बैठकीत भानुमती पहिल्यांदा बोलली. "किसने लगाई पूछोगे तो कोई नहीं बताएगा. जिसके पेड़ के नीचे राख, पेड़ उसका गया. एक सीजन गाँव का."

नथ्थू हसला. "नाकेदार चला गया, नाकेदारी नईं गई!"

सगळे हसले, पण नियम तोच ठरला. ज्याचं झाड जाईल त्याने त्या हंगामात राखण करायची, हेही जोडलं गेलं. जंगल आणि मोह यांच्यामध्ये पाला झाडून एक मोकळी पट्टी ठेवतात, तिला गावात लाइन म्हणतात. त्या लाइनवर पहाटेपासून फिरायचं, पाला साठू द्यायचा नाही, धूर दिसला की ओरडायचं. पहिल्याच वर्षी नथ्थूच्या सख्ख्या भावाचं झाड गेलं. त्याची बायको, पार्वताबाई, तो सगळा चैत्र लाइनवर फिरली आणि भानुमतीच्या नावाने बोटं मोडत राहिली.

जाळायचं नाही, तर मग झाडाखाली काहीतरी पसरायला हवं. संस्थेने जाळ्या दिल्या, त्या पुरल्या नाहीत. बाया जुन्या साड्या जोडून पसरू लागल्या. आणि एका फाल्गुनात भानुमती माझ्या दारात येऊन उभी राहिली. केस पांढरे, पायांना भेगा, हातात चारोळीची पुडी.

"ताई, तो जंगलाचा पडदा आहे काय अजून?"

आम्ही दोघींनी तो माळ्यावरून काढला. अंगणात उलगडला. रंग उडाला होता, पण सालाची झाडं, वेली, कोपऱ्यातलं हरीण ओळखू येत होतं. त्याच्यापुढे उभी राहून मी आयुष्यातले किती वनवास भोगले होते! भानुमतीने हरणावरची धूळ पदराने पुसली. "माह्या झाडाखाली बरोबर बसते," ती म्हणाली. जणू साडीचं माप घेत होती. मी म्हटलं, पडदा जातो तिथे मीही येते. मला तरी घरात कोण अडवणार होतं?

ती दोन रात्री माझ्याकडे राहिली. भरपूर बोललो. तिसऱ्या दिवशी कुंडमच्या बसमध्ये पडद्याचा गुंडाळा मधल्या वाटेत आडवा टाकला. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, तंबू लेके जा रहीं? सर्कस कहाँ लगी है?"

"सरईटोला में," मी म्हटलं. "शेरनी हम दोनों हैं."

तो दोन्ही हात जोडून पुढे गेला. भानुमती खिडकीशी बसली होती आणि तिला इतकं हसताना मी विंगेत कधी पाहिलं नव्हतं.

बसमधून उतरलो तेव्हा दुपार कलली होती. जळका वास आधी आला. भानुमती थबकली. पडद्याचं एक टोक तिच्या खांद्यावर, एक माझ्या. तिने चाल वाढवली, आणि मी मागून फरफटत गेले.

नाल्याकाठी तिच्या मोहाखाली जमीन काळी होती. तिथून काळा पट्टा नाला ओलांडून टेकडीवर चढला होता. बांबूचं रोपवन, तीन पावसाळे जपलेलं, अर्ध्याहून अधिक करपून उभं होतं. आग विझली होती. लोक हातात हिरव्या फांद्या घेऊन, काजळलेल्या तोंडांनी बसले होते. झाडाच्या बुंध्याशी चंपाबाई बसली होती.

"तेरे लाने साफ कर दओ थो," ती म्हणाली. "तू नईं थी, फूल गिरने लगे. सोचा, आएगी तो साफ मिलेगा. हवा पलट गई, बेटा."

सगळं आयुष्य तिने असंच केलं होतं. साड्या, जाळ्या तिला पटतच नव्हत्या. कपड्यावर पडलेलं फूल फूल कसलं, असं ती म्हणायची. लेकीच्या घरी आधी जाऊन चूल पेटवून ठेवावी तशा मायेने तिने ती काडी लावली होती.

भानुमतीने पडदा खाली ठेवला. बुंध्याला हात लावला, तळहाताला काजळी लागली. ती चंपाबाईशेजारी राखेत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोरच्या पिंपळाखाली बैठक बसली. घरटी एक माणूस. मी बाजूला दगडावर. नथ्थूने घसा साफ केला. "बाँस तो गया. दुख सबको है. अब नियम की बात. पेड़ बाई का है, पर बाई तो जबलपुर में थीं. और देखो भाई, बाई ठहरीं मेहमान. मेहमान पे दंड नईं लगता. चंपा काकी बुजुर्ग हैं, उनको भी छोड़ो. चलो, आगे से ध्यान रखें."

माना डोलल्या. त्यात कपट नव्हतं, चांगुलपणाच होता. माझा जीव भांड्यात पडला. मी भानुमतीकडे पाहिलं. तिचा चेहरा मला ओळखू येईना. रिकाम्या खुर्च्यांपुढे शेवटचं नाटक करताना आमचे चेहरे तसे झाले असतील.

मागून पार्वताबाई कडाडली, "हमारा पेड़ गया था तब काहे मेहमानी याद नईं आई? मैं पूरा चैत घूमी हूँ लाइन पे! पाँव देखो मेरे!"

"तू चुप बैठ," नथ्थू म्हणाला. "मेहमान की बात अलग है."

"नहीं," भानुमती उठली. "पार्वता सही बोल रही है."

"बाई, आप बैठो, आपको कोई कुछ नईं..."

"नथ्थू भैया, मेहमान का पेड़ होता है क्या?"

नथ्थूने इतरांकडे पाहिलं.

"होता है क्या, बताओ. किसी मेहमान को गाँव ने कभी महुआ दिया है?"

"नईं दिया," एक म्हातारा खाली बघत म्हणाला.

"तो फिर फैसला करो. मैं मेहमान हूँ, तो पेड़ चंपा दीदी को आज ही वापस करती हूँ. और पेड़ मेरा है, तो दंड भी मेरा है. आधा-आधा नहीं चलेगा."

"पागल है ये!" चंपाबाई ओरडली. "आग मैंने लगाई! मैंने! इसका क्या?"

"नियम में लगाने वाले का नाम नहीं है, दीदी. पेड़ वाले का है."

मी मराठीत, हळूच म्हटलं, "भानु, ते सोडताहेत ना तुला? घे ना सोडवून."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या बैठकीत मी खरोखरची पाहुणी होते, आणि पाहुणीने मधे बोलू नये.

म्हातारे बाजूला जाऊन गोंडीत बोलले. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. भानुमतीला कळत असावं, कारण ती ऐकता ऐकता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, घट्ट, सोडवून पुन्हा घट्ट. तिची एकच भीती होती, ते फार दयाळू निघतील.

नथ्थू परत आला. आवाजातलं आर्जव गेलं होतं. "पेड़ गाँव का. एक सीजन. बाई लाइन पे घूमेगी, कल से. और बाँस दोबारा लगेगा तो सबके बराबर गड्ढे खोदेगी."

भानुमतीने मान हलवली आणि खाली बसली. कुणी तिच्याजवळ आलं नाही. शाबासकी देण्यासारखं काही घडलंय असं त्या गावाला वाटलंच नव्हतं. एक झाड गेलं होतं, एवढंच. चंपाबाई काठी टेकत निघून गेली, आणि जाताना एवढंच बोलली, "मेरा दिया हुआ गँवा दिया."

मी चार-पाच दिवस राहिले. अंधार फिकट होऊ लागला की भानुमती उठायची, हिरव्या फांदीचा झाडू घ्यायची आणि लाइनवर जायची. मीही एकदा गेले. रानात मोहाचा गोडसर, आंबूस वास भरलेला. फुलं पडण्याचा आवाज सगळीकडून येत होता. झाडाझाडाखाली बाया वाकलेल्या, एकमेकींना हाका मारत होत्या. तिच्या झाडाखाली पडदा पसरला होता, तिनेच देऊन टाकला होता, आणि त्यावर समितीसाठी वेचायला वेगवेगळ्या घरच्या बाया पाळीपाळीने येत होत्या. ती तिथून जायची तेव्हा मान खाली घालायची. लाइन लांब होती, टेकडीला वळसा घालून पलीकडे जाणारी. वळणापलीकडे ती एकटीच. दुपारपर्यंत तिच्याशी बोलायला कुणी नाही.

संध्याकाळी ती चंपाबाईच्या ओसरीवर जाऊन बसायची. म्हातारी पाठ फिरवून तांदूळ निवडायची. थोडा वेळ बसून भानुमती परत यायची, भाकरी करायची. मी न राहवून विचारलंच. "काय मिळवलंस गं? झाड गेलं, म्हातारीही तुटली."

ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. "म्हातारी येईल, नाही तर नाही येणार. पण ताई, तिनं सगळ्यांसमोर माह्या हातावर फूल ठेवलं होतं. पाहुणी म्हणून सुटली असती, तर तिनं ठेवलेलं खोटं झालं असतं. मंग दर चैतात मी त्या झाडाखाली कोणाचं म्हणून वेचलं असतं?"

मग ती भाकरी फुगते की नाही ते पाहू लागली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलत आले, यापुढचं मला कुणी लिहून दिलं नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी लाइनवर एक तमाशा झाला. पार्वताबाई टोपली कमरेवर घेऊन तरातरा आली. "ए भानु! वो नाले वाला टुकड़ा कौन झाड़ेगा, तेरा बाप? पत्ता पड़ा है घुटना-घुटना!"

"कल झाड़ा था! रात की हवा से गिरा होगा. हवा को जाके बोल!"

"मैं थी तब एक पत्ता नईं रहता था!"

"तब पत्ता कम था, ज़बान ज़्यादा थी!"

दोघी कचाकच भांडल्या. जवळच्या झाडाखालच्या बाया वेचणं थांबवून ऐकत होत्या, एक तर पदरात तोंड लपवून हसत होती. भानुमती लालबुंद होऊन परत आली, झाडू आपटला, पाणी प्यायली आणि पुन्हा नाल्याकडे गेली. तो तुकडा तिने दुपारभर झाडला.

निघायच्या सकाळी मी शेवटचं विचारून पाहिलं. "चल माझ्यासोबत. झाड तर नाही आता. मुलगाही बोलावतोय. चैत्र-वैशाख माझ्याकडे राहा, नर्मदेवर ग्वारीघाटाला जाऊ, संध्याकाळी नावेत बसू. मलाही सोबत होईल."

शेवटचं वाक्य मी सहज म्हणायचं ठरवलं होतं. सहज आलं नाही. तिने ते ओळखलं, कारण विंगेतून ती माझा आवाज वर्षानुवर्षं ऐकत आली होती.

"मी येत नाही म्हणून रागावू नका ताई," ती म्हणाली. "येताच येत नाही. सीजन संपेपर्यंत मले गाव सोडता येत नाही. दंड आहे ना."

हे सांगताना तिने माझ्या पिशवीचे बंद बांधले, पिशवी माझ्या हातात दिली आणि झाडू उचलला. बसथांब्यापर्यंत यायची सवड तिला नव्हती, पहाट उलटून गेली होती आणि वारा सुटत होता. लाइनवरून ती टेकडीच्या दिशेने चालू लागली, मधेमधे वाकून पाला कडेला लोटत. वळणाशी थांबली. मला वाटलं मागे वळेल. तिने हात डोळ्यांवर धरला, जंगलाकडे धूर दिसतो का ते पाहिलं आणि पलीकडे गेली.

रस्त्यावर बसची वाट पाहत मी एकटीच उभी होते.